इंदूरमधील टू-स्ट्रोक इंजिनांचे एक वर्कशॉप: चौदा महिन्यांचा अनुभव

ज्या वर्कशॉपविषयी मी लिहीत आहे त्याला पाटी नाही, आणि ते चालवणाऱ्या काकांनी आपले नाव कुठेही देऊ नये असे स्पष्ट सांगितले असल्यामुळे मी ते देत नाही. जुन्या इंदुरातल्या एका गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हे काम चालते. छोटी ग्वालटोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ‘टू-स्ट्रोकवाले मराठी काका’ एवढे विचारले तरी रस्ता सांगतात. गेल्या चौदा महिन्यांत माझ्या गाडीचे इंजिन तेथे दोनदा उघडले गेले, तीन ऋतूंचे जेटिंग (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे जेट हवामानाप्रमाणे निवडणे) तेथे झाले आणि गाडीची नियमित देखभाल कशी करायची हेही मी तेथेच शिकलो. मातीत चालवण्यासाठी टू-स्ट्रोक गाडी बाळगणाऱ्या आणि तिचे इंजिन कोणाच्या हाती द्यावे या विवंचनेत असलेल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

माझी गाडी यामाहाची पाच गिअरची आरएक्स-१३५ मोटरसायकल आहे. या मॉडेलचे उत्पादन २००५ मध्ये थांबले, त्यामुळे आज आपल्या हाती येणारी प्रत्येक गाडी कोणीतरी आधी चालवलेली, आणि बहुधा उघडलेली, असते. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने पुढचे लांब सस्पेन्शन, खाचांचे टायर, मागे मोठे स्प्रॉकेट, २४ मिलिमीटरचा मिकुनी कार्ब्युरेटर आणि मूळ सायलेन्सरऐवजी चेंबर, म्हणजे मधे फुगलेला एक्झॉस्ट पाइप, बसवला होता. मूळचा ऑइल पंप काढून टाकला होता, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालावे लागते. ही गाडी मी रस्त्यावर चालवत नाही. पिकअपमध्ये घालून महूच्या पुढे आमच्या आत्याच्या शेताला लागून असलेल्या पडीक जमिनीवर नेतो, जेथून चोरलच्या दिशेने जमीन एकदम उतरत जाते. मे महिन्यात तेथील काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक होते आणि पहिल्या पावसानंतर तीच माती चाकांना गोळ्यागोळ्यांनी चिकटते. इंजिनाच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे सारखीच कठीण आहेत.

काकांकडे जाण्यापूर्वी वर्षभरात माझे इंजिन दोनदा पकडले होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला होता. पहिल्यांदा एप्रिलमध्ये भर दुपारी, चढावर पूर्ण थ्रॉटल दिलेला असताना मागचे चाक क्षणभर लॉक झाले; क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून मी पडलो नाही. एका मेकॅनिकने ब्लॉक बोर करून (सिलिंडर आतून कापून थोडा रुंद करून) नवा पिस्टन टाकला आणि मेन जेट, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा जेट, मोठा केला. दुसऱ्याने तो जेट पुन्हा लहान केला, कारण गाडी कमी थ्रॉटलला धूर देत होती. तिसऱ्याने चेंबरच बदलायला सांगितले. तिघांनीही एकाच गोष्टीकडे लक्ष दिले नाही, आणि ती गोष्ट मी प्रत्येकाला सांगत होतो: गाडी गरम झाली की थ्रॉटल सोडल्यावर रेस (इंजिनाची फिरण्याची गती) लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच राहते आणि मग एकदम उतरते. चार महिन्यांनी इंजिन पुन्हा पकडले. पुन्हा बोर, पुन्हा नवा पिस्टन, आणि रेसचा तो दोष जसाच्या तसा. या वेळी मात्र इंजिन तिसऱ्यांदा पकडण्याची वाट न पाहता मी काकांकडे गेलो.

पहिल्या भेटीत त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता की, गाडी धुऊन आणली आहे का. मी मोठ्या अदबीने गाडी चकचकीत धुऊन नेली होती. ते म्हणाले, “धुतलीत तिथे माझं अर्धं काम गेलं. तेल कुठून पाझरतं ते धुळीवर दिसतं, आता ते हुडकावं लागेल.” त्यानंतर त्यांनी माझ्याकडून रेसच्या दोषाचे पूर्ण वर्णन ऐकून घेतले, एका लांबट हिशेबाच्या वहीत ते लिहून घेतले आणि इंजिन उघडण्याआधी ते हवाबंद आहे की नाही हे तपासू असे सांगितले.

ही तपासणी मी शेजारी बसून पाहिली आणि या वर्कशॉपविषयी माझे मत तेथेच बनले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा (क्रँक) ज्या पेटीत असतो तिच्यात, खेचले जाते आणि मग ट्रान्स्फर पोर्टमधून (पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी) वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हाही एक पंपच आहे, आणि पंपाला कुठेही भोक असून चालत नाही. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते. त्या वेळी क्रँकच्या टोकाचे ऑइल सील हवा धरत नसेल, तर कार्ब्युरेटरला वळसा घालून हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. लीन मिश्रणाने तापमान वाढते आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही कमी पडते. ही चोरून येणारी हवा थ्रॉटलच्या हिशेबात नसते, त्यामुळे थ्रॉटल बंद केला तरी रेस वर राहते.

काकांनी चेंबर काढून एक्झॉस्ट पोर्टवर टायरच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी घट्ट आवळली. कार्ब्युरेटरच्या जागी भोक पाडलेले रबरी बूच बसवले, त्यातून एक नळी काढली आणि त्या नळीला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची तबकडी आणि त्याच यंत्राचा हवा भरायचा फुगा जोडला. प्लग जागेवर ठेवून पिस्टन खाली आणला, म्हणजे वरची आणि खालची पोकळी एक झाली. मग हळूहळू फुगा दाबत काटा ३०० वर (मिलिमीटर पारा) आणला, म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय. घड्याळ लावून आम्ही दोघेही त्या काट्याकडे पाहत बसलो. ठणठणीत इंजिनात तो काटा कित्येक मिनिटे जवळपास जागेवर राहायला हवा. माझ्या इंजिनात एका मिनिटात तो १८० पर्यंत उतरला. काकांनी साबणाचे पाणी ब्रशने एकेका जोडावर लावले. हेडपाशी काही नाही, ब्लॉकच्या खालच्या गॅस्केटपाशी काही नाही, रीडच्या (हवा-पेट्रोल फक्त आत येऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या झडपेच्या) मॅनिफोल्डपाशीही काही नाही. डाव्या बाजूचे कव्हर काढून मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे वीज तयार करणारे चाक) बाहेर घेतला आणि मागच्या सीलच्या ओठाशी ब्रश लावला, तेव्हा तेथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुलू लागले. वर्षभर मी जेटवर आणि बोरवर जो पैसा घातला होता, त्याचे कारण हे रबराचे कडे होते.

दुसरा कोणी असता तर तेवढे सील बदलून त्याने गाडी परत दिली असती. काकांनी क्रँक हाताने वरखाली हलवून पाहिला आणि सील का गेले याचा शोध घ्यायला हवा असे म्हणून इंजिन उघडायची परवानगी मागितली. आत मॅग्नेटच्या बाजूच्या मेन बेअरिंगमध्ये खेळ निघाला, आणि क्रँक दोन सेंटरांमध्ये धरून डायल गेज लावला तेव्हा तो ०.०८ मिलिमीटर डुगडुगत होता. असा क्रँक नव्या सीललाही काही तासांत खाऊन टाकतो. दोन्ही बेअरिंगे, दोन्ही सील आणि कनेक्टिंग रॉडचे किट बदलून, क्रँक सरळ करून तो ०.०२ पर्यंत आणला गेला. क्लचच्या बाजूचे सील तेव्हा चांगले होते, तरी तेही बदलले. ते गेले असते तर गिअरबॉक्सचे ऑइल इंजिनात ओढले जाऊन पांढरा धूर आणि गिअर ऑइलची घटती पातळी अशी वेगळी लक्षणे दिसली असती, हे त्यांनी समजावून सांगितले.

जुना पिस्टन त्यांनी मला हातात घेऊन वाचायला लावला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि चोपडलेले ॲल्युमिनियम होते. ही लीन मिश्रणाची आणि उष्णतेची खूण. समोरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत येते त्या बाजूचा स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची भिंत, मात्र एकसारखा राखाडी आणि निस्तेज झाला होता, जणू त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला असावा. ही धुळीची खूण. एअर फिल्टरचा फोम चांगला होता, पण तो ज्या कडेवर टेकतो तेथे ग्रीस नव्हते आणि एका कोपऱ्यातून धूळ थेट आत जात होती. चारही कोपऱ्यांवर खुणा असत्या तर इंजिन थंड असतानाच जोर दिला किंवा बोर घट्ट राहिला असा अर्थ निघाला असता. पकडलेला पिस्टन भंगारात टाकण्यापूर्वी मेकॅनिककडून मागून घ्यावा आणि अशा रीतीने पाहावा, असे मी प्रत्येकाला सुचवीन. माझे आधीचे दोन पिस्टन मी पाहिलेच नव्हते.

बोरच्या कामात त्यांची शिस्त अशी की, पिस्टन आधी विकत आणायचा, तो मायक्रोमीटरने स्कर्टच्या तळापासून थोडा वर, पिनला काटकोनात मोजायचा आणि त्या मापावर ब्लॉक बोर करून घ्यायचा. ‘५० साइज’ (मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर मोठा) असे डब्यावर छापलेले असते म्हणून तेवढ्यावर बोर करून टाकणे त्यांना मान्य नाही, कारण बाजारात मिळणारी किटे एकसारख्या मापाची नसतात. माझ्या पिस्टनला त्यांनी ०.०५ मिलिमीटरचा गॅप ठेवला, पोर्टच्या कडा हाताने गोल केल्या म्हणजे रिंग त्यांत अडकू नये, आणि रिंग बोरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधले अंतर फिलर गेजने ०.३० आहे हे मला दाखवले. हेड बसवताना कथिलाची सोल्डर तार प्लगच्या भोकातून पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंनी आत घालून, क्रँक फिरवून ती चेपली आणि तिची जाडी मोजली. पिस्टन पूर्ण वर असताना हेडच्या कडेशी उरणारे हे अंतर १.६ मिलिमीटर निघाले, आधीच्या कोणीतरी दोन गॅस्केट एकावर एक लावली होती. ते १.० वर आणल्यावर खालच्या रेसमध्ये गाडी जी उचलू लागली, ती मला पोर्ट कापून मिळेल असे वाटले होते.

पोर्टचा विषय मुद्दाम सांगतो, कारण तेथे माझा आणि काकांचा मतभेद झाला. मला एक्झॉस्ट पोर्ट वर उचलून हवा होता, कारण आमच्या ओळखीच्या सगळ्या आरएक्सवाल्यांनी ते केले आहे. काकांनी सरळ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, पोर्ट उंच केला की ताकद वरच्या रेसमध्ये सरकते आणि खालची कमी होते; रस्त्यावर सरळ पळवायचे असेल तर ते ठीक, पण दगडगोट्यांतून दुसऱ्या गिअरमध्ये चढताना हवी ती खालचीच ताकद. शिवाय कापलेले लोखंड परत लावता येत नाही. तेव्हा मी नाखुशीने मान्य केले. आज सांगतो की ते बरोबर होते.

चेंबरविषयी त्यांचे ज्ञान मला विशेष वाटले. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच निघालेली दाबाची लाट चेंबरच्या फुगत जाणाऱ्या शंकूतून पुढे जाताना मागे ओढ निर्माण करते आणि निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूवर आपटून परत येते. ही परतलेली लाट वेळेवर पोहोचली तर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र विकसित केले आणि त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये देश सोडून सुझुकीकडे गेला तेव्हा ते जपानला पोहोचले, ही हकीकत मी वाचून होतो. काकांना तो इतिहास ठाऊक नव्हता, पण माझ्या चेंबरच्या शेपटाची नळी आधीच्या मालकाने आवाज कमी करण्यासाठी बारीक केली आहे आणि त्यामुळे गरम वायू कोंडून पिस्टनचा माथा तापतो, हे त्यांनी व्हर्निअर लावून सांगितले. ती नळी बदलली.

आता जेटिंगविषयी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे समुद्रकाठच्या तुलनेत येथे हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी असतो. कंपनीच्या किंवा मुंबईच्या मित्राच्या जेटचा आकडा जसाच्या तसा येथे लागू होत नाही. पण आमच्याकडचा खरा फरक उंचीपेक्षा ऋतूचा आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, एवढ्या अंतरात हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी बदलते. थंडीत हवा दाट, म्हणून पेट्रोल जास्त लागते, उन्हाळ्यात उलट. पुष्कळ जण उन्हाळ्याला घाबरून तेव्हा जेट मोठा करतात आणि तोच जेट लीन पडण्याची खरी वेळ असलेल्या डिसेंबरच्या सकाळी निर्धास्त असतात. माझ्या गाडीला आज उन्हाळ्यात १४०, पावसाळ्यात १४५ आणि थंडीत १५० चा मेन जेट लागतो. हे आकडे माझ्या कार्ब्युरेटरचे आणि माझ्या चेंबरचे आहेत, कोणी ते उचलून आपल्या गाडीत घालू नयेत.

पेट्रोलचाही यात वाटा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते तेथे या मिश्रणाला सुमारे १३.५ पटच लागते. म्हणजे जुन्या पेट्रोलवर अचूक बसवलेला कार्ब्युरेटर या पेट्रोलवर आपोआप लीन होतो. जुने जेट घेऊन वर्षानुवर्षे सुखाने चाललेली कितीतरी इंजिने अलीकडे तापू लागली, त्याचे एक कारण हे असावे असे काकांचे मत आहे आणि ते मला पटते. इथेनॉल ओलावाही शोषून घेते, म्हणून गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करायची, पेट्रोलची जुनी नळी आणि फ्लोटच्या सुईचे रबर दरवर्षी पाहायचे, असा त्यांचा नियम आहे.

जेटिंग ते वर्कशॉपच्या दारात रेस करून ठरवत नाहीत. एका रविवारी सकाळी ते स्वतः माझ्याबरोबर आत्याच्या शेतावर आले. थ्रॉटलच्या मुठीवर आणि तिच्या बाजूच्या घरावर त्यांनी पांढऱ्या पट्टीच्या खुणा केल्या: पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. दोष कोणत्या खुणेवर येतो ते मी सांगायचे आणि ते त्याच भागाला हात लावायचे. मेन जेटसाठी नवा प्लग घालून लांब चढावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा, तेथेच एकदम इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि प्लग काढून भिंगातून पाहायचा. चिनीमातीचे वरचे टोक कसे दिसते याला ते फारसे महत्त्व देत नाहीत. अगदी खोल, जेथे चिनीमाती धातूत शिरते, तेथील धुराची कडी पाहतात. पहिल्या प्लगवर ती कडी नव्हतीच. जेट दोन पायऱ्या मोठा केल्यावर तेथे फिकट कॉफीच्या रंगाची बारीक रेघ उमटली, आणि भिंग माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “ही रेघ आहे तोवर पिस्टन आहे.”

ऑइलच्या प्रमाणाबाबत त्यांनी माझा एक जुना गैरसमज दूर केला. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असे समजून मी दर लिटरला ५० मिलिलिटर घालत होतो. पण जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढले की तेवढे पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण उलट लीन होते. आता जासो (ऑइलचे जपानी मानक) एफडी दर्जाचे ऑइल ३० ला १, म्हणजे लिटरला ३३ मिलिलिटर, मापाच्या बाटलीने मोजून घालतो आणि प्रमाण बदलले तर जेटही तपासतो. उताराची सूचना तर पडीक जमिनीवर चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पेट्रोलबरोबर ऑइल मिसळलेल्या गाडीत थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये लांब उतार उतरलो, तर इंजिन जोरात फिरत असते आणि त्याला ऑइल मात्र मिळत नाही. चोरलच्या बाजूचा उतार मी आता क्लच दाबून, मधूनमधून थ्रॉटल उघडत उतरतो.

गाडी परत देताना काकांनी वहीतले पान उतरवून माझ्या हाती दिले: पिस्टनचे माप, बोरचे माप, रिंगचे अंतर, हेडखालचे अंतर, क्रँकची डुगडुग, जेट, सुईची खाच आणि हवेच्या तपासणीचा नवा आकडा, जो पाच मिनिटांत ३०० वरून २९० वर आला होता. इंदुरात इतरत्र मला बिलाशिवाय दुसरा कागद कधी मिळाला नव्हता. पुढच्या वेळी इंजिन उघडले तेव्हा या पानाचा उपयोग कळला. तीस तास चालल्यानंतर रिंगचे अंतर ०.३० वरून ०.४५ झाले होते आणि पिस्टन जवळपास जसाच्या तसा होता; म्हणून नव्या रिंगा, वरच्या टोकाचे पिन-बेअरिंग, एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन साफ करणे आणि कडेला कपची उडालेली रीडची एक पट्टी बदलणे, एवढ्यावर काम भागले. ब्लॉक बोर करावा लागला नाही.

घरी करायच्या कामांत त्यांनी सर्वांत जास्त वेळ फिल्टरला दिला. प्रत्येक फेरीनंतर फोम रॉकेलमध्ये आणि मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, फक्त दाबायचा. पेट्रोलमध्ये धुतला तर शिवणीचा डिंक सुटतो. पूर्ण वाळल्यावर फिल्टरचे ऑइल हाताने मुरवायचे आणि टेकण्याच्या कडेला ग्रीसचा सलग थर द्यायचा. मी तीन फोम ठेवतो आणि मे महिन्यात दर दीड तासाने बदलतो. गिअर ऑइल दर दहा तासांनी बदलतो. क्लच त्याच ऑइलात भिजलेला असल्यामुळे मोटारीचे ऑइल चालत नाही, जासो एमए खूण असलेलेच लागते. नव्या रिंगांनंतर तीन वेळा इंजिन नुसते गरम करून पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि थंड असतानाच हेडचे नट पुन्हा आवळायचे, हे मी घाई न करता पाळले.

तक्रारी आहेत आणि त्या गंभीर आहेत. पहिल्या कामाला दहा दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात चोवीस लागले, कारण क्रँक सरळ करण्याचे आणि बोरचे काम काका बाहेरच्या लेथवर देतात आणि तेथे त्यांचा नंबर लागेपर्यंत आपण फक्त वाट पाहायची. फोन ते क्वचितच उचलतात. दुपारी अकरा ते एक या वेळात स्वतः गेलात तरच बोलणे होते. चेंबरच्या नळीला लावलेला क्लॅम्प दुसऱ्याच फेरीत तुटला. तो त्यांनी मोफत जोडून दिला, पण जोडाचे वेल्डिंग मुळातच ओबडधोबड होते आणि एवढ्या नेटक्या इंजिनावर ते शोभत नाही. चेंबरच्या टोकाच्या सायलेन्सरमधली लोकर जळून गेली होती हे त्यांच्या लक्षात आले नाही, ते मी नंतर स्वतः बदलले. आयात केलेल्या मोटोक्रॉस गाड्यांचे पाण्याने थंड होणारे आणि पॉवर व्हॉल्व्ह असलेले इंजिन घेऊन कोणी जाणार असेल, तर ते काम काका घेत नाहीत, हेही आधी माहीत असलेले बरे.

पहिल्या पूर्ण कामाचा खर्च सुट्या भागांसह १४,२०० रुपये आला, त्यात काकांची मजुरी ४,५०० होती. दुसऱ्या वेळी सगळे मिळून ३,१०० झाले. आधीच्या तीन ठिकाणी मिळून माझे यापेक्षा जास्त पैसे गेले होते. शेतावर येऊन केलेल्या जेटिंगचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, आत्याकडचे जेवण मात्र आनंदाने घेतले.

आज गाडी पुन्हा त्यांच्याकडे उभी आहे, साठ तासांच्या तपासणीसाठी. या वेळी शेतावरून परस्परच नेली, मडगार्डवरच्या चिखलासकट. काकांनी गुडघे टेकून डाव्या कव्हरखाली बॅटरीचा उजेड टाकला, धुळीच्या कोरड्या थरावरून बोट फिरवले आणि वहीत पहिली ओळ लिहिली: मॅग्नेटची बाजू सुकी.